शिवडीची लोकल आणि पन्नासचं गणित

हार्बर लाईनने रोज ये-जा करणाऱ्यांना एक आवाज पाठ असतो. शिवडीहून लोकल सुटली की डब्याखालून एक सूर निघतो आणि गाडीच्या वेगाबरोबर चढत जातो. त्यात मोटार, गिअर, इन्व्हर्टर सगळ्यांचेच आवाज मिसळलेले असतात, पण खाली घडत असतं ते एवढंच: चाकं जोरात फिरायला हवीत म्हणून मोटारीला मिळणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी वाढवली जात असते. आपल्या घरात मात्र तीच फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झला चिकटलेली. असं का? त्यासाठी शंभरेक वर्षं मागे, घाटाखाली जावं लागेल.

जमशेदजी टाटा १९०४ साली गेले, पण घाटातल्या पाण्यावर मुंबईसाठी वीज करायची त्यांची कल्पना मागे उरली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला साठवलेलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येऊन पेल्टन चाकांवर आदळायचं आणि तयार झालेली वीज तारांवरून परळला यायची. गिऱ्हाईक कोण? मुख्यतः गिरण्या.

आता थोडं गणित. (घाबरू नका, शाळेतलंच आहे!) जनरेटरमध्ये फिरणाऱ्या चुंबकाला एक उत्तर आणि एक दक्षिण ध्रुव, म्हणजे एक जोडी असेल, तर एका फेऱ्यात विजेची एक सायकल होते. दहा जोड्या असतील तर एका फेऱ्यात दहा सायकली. पाण्याचं चाक तसं संथ. समजा ते मिनिटाला ३०० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला ५. दहा जोड्या लावल्या की झाले ५० हर्ट्झ. याउलट औष्णिक केंद्रातलं वाफेचं टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. तिथे एकच जोडी पुरते. यंत्रं वेगळी, उत्तर एकच.

गिरणीत हीच गोष्ट उलटी चालते. तिथे सायकल मालक आणि मोटार नोकर. दोन जोड्यांची इंडक्शन मोटार ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० च्या जरा खाली फिरते. जरा खालीच का, तर चुंबकी क्षेत्राच्या बरोबरीने फिरली तर तिच्यात करंटच निर्माण होणार नाही. सूत कातायला असा स्थिर वेग उत्तम, कारण वेग हलला की धागा तुटतो.

पण लोकलचं काय? तिला थांबायचंय, सुटायचंय, पळायचंय. ५० हर्ट्झला बांधलेली मोटार तिच्या कामाची नव्हती. म्हणून ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी शिवडीवरून धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. सायकलीच काढून टाकल्या, की वेगाचं बंधनही गेलं! हीच डीसी हार्बर लाईनवर एप्रिल २०१६ पर्यंत टिकली. आता वर २५ हजार व्होल्टची एसी आहे. आधुनिक गाड्या ती आत घेतात, तिची डीसी करतात आणि हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज एसी स्वतःच बनवतात. ब्रेक लावला की तीच मोटार जनरेटर होऊन वीज परत देते.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे हा ५० चा आकडा देशभराचा सामायिक सिग्नल आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड जोडली गेली आणि सगळ्या देशाची फ्रिक्वेन्सी एक झाली. मागणी वाढली की सगळे जनरेटर किंचित मंदावतात, आणि तेवढ्यावरून प्रत्येक वीजघराला कळतं की जोर लावायला हवा. कुणी कुणाला मेसेज पाठवत नाही.

हे बिनसलं की काय होतं ते मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० ला पाहिलं. सकाळी दहाच्या सुमारास बाहेरून येणाऱ्या लाईन तुटल्या आणि शहर एकटं पडलं. आतली निर्मिती मागणीला पुरेना, फ्रिक्वेन्सी घसरली, वीजघरं स्वतःला वाचवायला बंद पडली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोविडचे दिवस, हॉस्पिटलं जनरेटरवर.

यापुढे हा प्रश्न अवघडच होत जाणार आहे. टर्बाईनचा शेकडो टनांचा रोटर अचानक थांबत नाही, तेवढे काही सेकंद सावरायला मिळतात. सोलर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही. सूर्याची वीज हवीच, पण ते काही सेकंद आता बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरच्या कोडमधून आणावे लागतील. म्हणजे शेवटी काम आपल्याच लोकांकडे आलं :)

ग्रिड इंडियाच्या साईटवर देशाची फ्रिक्वेन्सी लाइव्ह दिसते. एखाद्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी उघडून बघा. ४९.९७, ५०.०१, ४९.९९... सगळा देश मिळून तो आकडा धरून ठेवत असतो.