मार खाण्याची तालीम

१ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली, आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. वर्गात ही गोष्ट आपण बहुधा अशी सांगतो: दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक साधी बाई, पाय दुखत होते, उठली नाही. ऐकायला छान वाटतं. पण पार्क्सबाई १९४३ पासून नागरी हक्कांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचं काम पाहत होत्या, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूल या संस्थेत एका कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. एवढं मात्र आपल्या गोष्टीत येत नाही.

का येत नसावं? आम्हाला वाटतं, शांततेने झगडणं ही स्वभावाची किंवा थोर मनाची बाब आहे असं आपण मुळातच धरून चाललेलो असतो. कुणी शांत असतो, कुणी तापट. त्यात शिकण्यासारखं काय? पोहायला शिकवतात, तबला शिकवतात, तशी अहिंसा शिकवता येईल का, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. टेनेसीतल्याच नॅशव्हिल शहरात १९५९ साली हा प्रयोग रीतसर करून पाहिला गेला. तो ज्यांनी केला ते गृहस्थ त्याआधी तीन वर्षं आपल्या नागपुरात राहून गेले होते.

जेम्स लॉसन हे त्यांचं नाव. जन्म १९२८ चा. वडील धर्मोपदेशक, पण कमरेला पिस्तूल बाळगणारे. लहानपणी एका गोऱ्या पोराने रंगावरून शिवी दिली तेव्हा लॉसनने त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितलं. मारून तू काय साधलंस, एवढंच आईने विचारलं. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून त्यांना तुरुंगात जावं लागलं. तिथून सुटल्यावर १९५३ मध्ये ते मिशनचं काम करायला नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. (हिस्लॉप म्हटल्यावर भूगोलाच्या शिक्षकांचे कान टवकारतील. ज्यांचं नाव या कॉलेजला दिलं ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होतेच, शिवाय नागपूर परिसरातल्या खडकांचे आणि जीवाश्मांचे आद्य अभ्यासकही होते. पण तो वेगळा लेख होईल.)

कॉलेजात लॉसन यांच्याकडे काम होतं खेळ शिकवण्याचं. गांधीजी जाऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती, सेवाग्राम हाकेच्या अंतरावर होतं, आणि गांधीजींबरोबर प्रत्यक्ष काम केलेली माणसं भेटत होती. सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी इथे मनापासून केला. पण आमच्या मते मैदानावरचा अनुभवही तितकाच मोलाचा ठरला असावा. नुसतं व्याख्यान ऐकून कुणी चेंडू झेलायला शिकत नाही, हे खेळाच्या शिक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही नागपूरच्या वर्तमानपत्रात.

१९५६ मध्ये ते परत गेले. १९५७ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली. दोघंही तेव्हा २८ वर्षांचे. शिक्षण पुरं होईपर्यंत थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या, असं किंगनी त्यांना सुचवलं. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्यांनी नाव घातलं.

नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांमध्ये कृष्णवर्णीयांना कापड घ्यायला, भांडी घ्यायला मुभा होती. त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून सँडविच मागायला मात्र बंदी. आपल्याकडे चहाच्या हॉटेलाबाहेर टांगलेली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातला अपमान समजावून सांगायला नको.

१९५९ च्या शरद ऋतूत क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी लॉसन यांचा वर्ग भरू लागला. येणारे बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी: डायन नॅश, जॉन लुइस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट. आधी वाचन आणि चर्चा, आणि मग सोंगं. खुर्च्या ओळीने मांडायच्या. तो झाला काउंटर. काहींनी गिऱ्हाईक म्हणून बसायचं, उरलेल्यांनी गोरे गुंड व्हायचं. गुंडांनी खरोखरच शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. बसलेल्याने हात उचलायचा नाही. डोकं आणि पोट कसं सांभाळायचं, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, शेजारी मार खात असेल तर मारणाऱ्याला न ढकलता आपलं अंग मध्ये कसं घालायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा करून पाहायचं. मग थांबून बोलायचं: कुठे राग आला, कुठे हात शिवशिवला, का? आणि मग भूमिकांची अदलाबदल.

सोंग घेऊन शिकण्याची ही कल्पना लॉसन यांची नव्हे. व्हिएन्नामधल्या जेकब मोरेनो या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मानसोपचारासाठी वापरात आणली होती. तिच्यामागचं कारण आपल्या ओळखीचं आहे. अचानक हल्ला झाला की नाडी वाढते, स्नायू ताणले जातात, आणि माणूस पळतो तरी किंवा उलट मारतो तरी. विचार करायला उसंतच नसते. अंगवळणी पडलेलं असेल तेच हातून घडतं. तेव्हा जे घडायला हवं ते आधीच अंगवळणी पाडायचं. ज्यांना राग आवरणार नाही असं वाटे, त्यांनी काउंटरवर जायचं नाही. त्यांच्यासाठी इतर कामं होतीच.

डायन नॅशला सुरुवातीला हे काही जमण्यासारखं वाटत नव्हतं. तिने पुढे तसं मोकळेपणाने सांगितलं आहे.

नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मुलं दोन दुकानांत चाचपणीसाठी गेली. खायला मागितलं, नकार मिळाला, आभार मानून परतली. १३ फेब्रुवारी १९६० रोजी १२४ विद्यार्थी शांतपणे काउंटरवर जाऊन बसले. पहिले दोन आठवडे फारसं काही झालं नाही. २७ फेब्रुवारीला जमाव चालून आला. मुलांना खाली ओढून मारलं, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना, सुमारे ऐंशी जणांना. एक रांग उठवून नेली की दुसरी येऊन बसे. सरळ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, सौजन्य सोडू नका, अशा साध्या सूचनांचा कागद त्यांना आधीच वाटलेला होता.

मार्चमध्ये व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं. (त्याच विद्यापीठाने २००६ मध्ये त्यांना अध्यापनासाठी सन्मानाने बोलावलं. ते २०२४ च्या जूनमध्ये वारले.)

मुलांची सहनशीलता पाहून दुकानदार विरघळले, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरच्या तोंडावर खरेदी थांबवली आणि गल्ला रोडावला, त्याचा वाटा मोठा होता. १९ एप्रिलला पहाटे मुलांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मुक्याने चालत नगरपालिकेवर गेले. एकवीस वर्षांच्या नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं, केवळ वर्णावरून भेदभाव करणं तुम्हाला स्वतःला योग्य वाटतं का? त्यांनी नाही म्हटलं. काउंटर खुले व्हावेत, हेही कबूल केलं.

मग जो समझोता झाला तो आम्हाला मोर्चाइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. एकदम दारं उघडायची नाहीत, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं. आधी कळवलेल्या दिवशी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांच्या छोट्या तुकड्या येतील. दुकानदार आपल्या नोकरांना आधीच समजावून तयार ठेवतील. वर्तमानपत्रांनी भडक बातम्या देऊ नयेत. दोनेक आठवडे असं चालवून मग बंधनं उठवायची. म्हणजे तालीम आता समोरच्या बाजूचीही झाली. १० मे १९६० रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांसाठी खुले झाले. शहरातली इतर अनेक हॉटेलं मात्र बंदच राहिली. त्यासाठी १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला.

वर्षभराने या तालमीची आणखी एक परीक्षा झाली. १९६१ च्या मेमध्ये आंतरराज्य बसमधली विभागणी मोडायला निघालेल्या स्वातंत्र्ययात्रींची एक बस ॲलाबामात जाळली गेली, दुसऱ्या बसमधल्यांना बेदम मारहाण झाली आणि यात्रा थांबली. ती पुढे न्यायला १७ मे रोजी नॅशव्हिलहून दहा जण निघाले. त्यांची व्यवस्था डायन नॅश पाहत होती. आता जाल तर मराल, असा निरोप सरकारी अधिकाऱ्याकडून आला. मुलांनी आदल्या रात्रीच आपापली मृत्युपत्रं लिहून ठेवली आहेत, असं तिने त्याला कळवलं.