फणसोंब्याचे कूळ

सोलापूरला फणस बाजारात येतो. झाडावर लटकलेला क्वचितच दिसतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख कडुनिंबाचा, चिंचेचा आणि बाभळीचा. तरीही नवी पेठेतल्या आमच्या घरात फणसाच्या खोडावर वाढलेली एक वस्तू तीन पिढ्या सांभाळून ठेवलेली आहे. आजेसासूबाई रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांच्या जोडीने ती त्यांच्या बटव्यातून आली. आकाराने घोड्याच्या खुरासारखी, वरून काळपट आणि भेगाळलेली, खालून तांबूस तपकिरी, वजनाला हलकी आणि हाताला लाकडासारखी टणक. तिचे नाव फणसोंबा. कोणी फणसांबा म्हणतात, कोणी फणसआळंबे.

तान्ह्या मुलाच्या तोंडात चट्टे आले किंवा लाळ गळायची थांबेना, की सहाणेवर चार थेंब पाणी घेऊन फणसोंबा उगाळायचा आणि ते तपकिरी गंध बोटाने हिरड्यांना, गालाच्या आतून लावायचे. ‘‘वळसे मोज गं, दोनच. बाळाला जास्त नाही द्यायचं,’’ असे आजेसासूबाई सांगत. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात हा उपाय घरोघरी माहीत होता. घाटावरच्या घरांत तो बहुधा असाच, माहेरवाशिणींच्या बटव्यांतून आला असावा.

पुष्कळांना फणसोंबा म्हणजे फणसाच्या खोडाला आलेली गाठ वाटते. तो बुरशीचा भाग आहे, आणि तोही अगदी थोडा. बुरशीचा सगळा संसार खोडाच्या आत असतो. कवकतंतूंचे जाळे लाकडात वर्षानुवर्षे पसरत राहते, लाकूड विरघळवून त्यावर जगते आणि पुरेसे बळ आले की खोडाच्या बाहेर एक अंग काढते. त्या अंगाचे काम एकच, बीजाणू तयार करून हवेत सोडायचे. आळंबी, धिंगरी यांचे असे अंग दोन-चार दिवसांत सडून जाते. फणसोंब्याचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पोसणारा हंगाम आला की खालून नळ्यांचा नवा थर चढवतो.

आमच्याकडचा तुकडा उगाळून उगाळून एका बाजूने सपाट झाला होता. ती बाजू घासून गुळगुळीत केली, तेव्हा आतली रचना उघडी पडली. एकाखाली एक थर, आणि प्रत्येक थरात केसाइतक्या बारीक नळ्या उभ्या रचलेल्या. जुन्या थरांतल्या काही नळ्या पांढुरक्या तंतूंनी बुजलेल्या, सगळ्यात खालच्या थरातल्या उघड्या. खालच्या पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना फक्त मखमली तपकिरी रंग दिसतो. भिंग धरले की तो सगळा भाग सुईच्या टोकाएवढ्या गोल छिद्रांनी भरलेला आढळतो. प्रत्येक छिद्र म्हणजे एका नळीचे तोंड. नळीच्या आतल्या भिंतीवर बीजाणू धरतात, सुटतात आणि सरळ खाली पडून वाऱ्याच्या हाती लागतात.

नळी थोडी जरी कलली तरी बीजाणू भिंतीला चिकटून वाया जाणार. म्हणून ही बुरशी नळ्या कायम ओळंब्यात ठेवते. झाड उन्मळून आडवे झाले की जुना फणसोंबा निकामी होतो आणि नवी वाढ नव्याने जमिनीकडे तोंड करून सुरू होते. जंगलात पडलेल्या ओंडक्यावर दोन दिशांना तोंड केलेले असे थर सापडले, तर झाड उभे असताना कोणता वाढला आणि पडल्यानंतर कोणता, हे जाणकाराला सांगता येते.

आता कुळाकडे वळू. लाकूड पचवणे हे सोपे काम नाही. सेल्युलोजचे धागे लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने घट्ट बांधलेले असतात आणि लिग्निन फोडणे फार थोड्या जीवांना जमते. काही बुरशी लिग्निनला फारसा हात न लावता सेल्युलोज तेवढे खातात; मग लाकूड तपकिरी पडते आणि त्याचे चौकोनी ठोकळे फुटतात. जुन्या वाड्यांच्या तुळयांत ही तपकिरी कूज दिसते. फणसोंब्याची जातकुळी पांढऱ्या कुजीची. ती लिग्निनही फोडते, म्हणून मागे उरणारे लाकूड फिकट, दशा निघालेले असते. २०१२ साली शास्त्रज्ञांनी ३१ बुरशींच्या जनुकसंचांची तुलना करून असा अंदाज मांडला, की लिग्निन फोडणारी ही विकरे पहिल्यांदा सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी घडली असावीत. फणसाचे झाड तर सोडाच, फुले धरणारी झाडेही तेव्हा पृथ्वीवर नव्हती.

माणसाशी या मंडळींचा संबंधही जुना आहे. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ‘ओट्झी’ आपल्याजवळ दोन प्रकारच्या खोडबुरशी बाळगून होता. एक ठिणगी धरून ठेवायला, दुसरी चामड्याच्या वादीत ओवलेली, बहुधा औषधासाठी. बटव्यात बुरशी ठेवून दूरच्या मुलखात जाण्याची रीत म्हणजे आजेसासूबाईंच्या कितीतरी आधीची.

शास्त्रीय बारसे मात्र अलीकडचे. फ्लॉरेन्सच्या पिएर अँतोनियो मिकेलीने १७२९ मध्ये वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात छिद्रे असलेल्या बुरशींना ‘पॉलिपोरस’ हे नाव वापरले. खरबुजाच्या फोडींवर बीजाणू पेरून त्यांतून बुरशी उगवते हेही त्याने दाखवले होते. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये एका युरोपीय खोडबुरशीला ‘बोलेटस इग्निएरियस’ म्हटले. ‘इग्निस’ म्हणजे अग्नी. स्वीडनच्याच एलियास फ्रीसने १८२१ मध्ये तिला ‘पॉलिपोरस’मध्ये नेले. फ्रीसचे वर्गीकरण डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर चाले: खाली पडदे आहेत की छिद्रे, मांस नरम की कठीण. पुढे फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञ केले याने १८८६ मध्ये ‘फेलिनस’ हे वेगळे कूळ मांडले आणि ही अग्नीची बुरशी तिथे गेली. त्याआधी १८८१ मध्ये फिनलंडच्या कार्स्टेनने लाखेसारखी चकाकी असलेल्यांसाठी ‘गॅनोडर्मा’ हे घर वेगळे काढले होते. आमचा फणसोंबा याच ‘फेलिनस’ घराण्यातला, पण ते कळायला आणखी शंभरेक वर्षे जावी लागली.

मुंबई इलाख्यातल्या औषधी द्रव्यांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डायमॉक आणि जॉर्ज वॉट यांच्या ग्रंथांतून झाली. त्यांनी आपल्या वैदूंची, बाजाराची, बायकांची माहिती जमवली, हे त्यांचे मोठे काम. फणसआळंब्याची नोंदही झाली आणि लाळ गळण्यावर हिरड्यांना लेप लावण्याचा उपयोगही लिहिला गेला. पण शास्त्रीय नाव जोडले गेले ते ‘अगॅरिकस ऑस्ट्रिएटस’. आज तीच जात ‘प्लुरोटस’ म्हणून ओळखली जाते. म्हणजे आपण भाजीला आणतो ती धिंगरी. तिच्या खाली छिद्रे नसतात, पडदे असतात. ती मऊ असते, चार दिवसांत सुकते. बटव्यात वर्षानुवर्षे टिकणाऱ्या, सहाणेवर उगाळाव्या लागणाऱ्या वस्तूशी तिचा मेळ बसत नाही. तरीही एकदा छापलेले नाव पुढच्या ग्रंथांत उतरत गेले. औषधाच्या बाबतीत अशी चूक मला फार गंभीर वाटते. नाव चुकले की त्या नावाखाली केलेले सगळे प्रयोग दुसऱ्याच जीवावर होतात.

खोडबुरशी नीट ओळखायची तर सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते, हे ई. जे. एच. कॉर्नर यांनी पटवून दिले. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करताना त्यांनी १९३२ मध्ये दाखवले, की या टणक अंगात तीन प्रकारचे तंतू असू शकतात. एक वाढणारे आणि इतर तंतूंना जन्म देणारे, दुसरे जाड भिंतीचे आधार देणारे, तिसरे फांद्या फोडून सगळ्यांना बांधून ठेवणारे. यांतले कोणते आहेत आणि कोणते नाहीत, हे पाहून आकाराने सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या काढता येऊ लागल्या. ‘फेलिनस’ घराण्याची आणखी एक खूण प्रयोगशाळेत कोणालाही पाहता येते. तपकिरी मांसावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की ते पाहता पाहता काळे पडते.

आपल्याकडे कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजातले सहायराम बोस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालच्या छिद्रधारी बुरशींवर लेखमाला लिहिली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले बी. के. बक्षी यांचा झाडांवरच्या आणि इमारती लाकडावरच्या भारतीय जातींचा ग्रंथ १९७१ मध्ये निघाला. फणसोंब्याचा प्रश्न मात्र पुण्यात हाती घेतला गेला. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले वैद्य आणि त्यांचे सहकारी रब्बा यांनी १९९३ मध्ये ‘मायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लोकवैद्यकातल्या बुरशींवर लेख लिहिला. महाराष्ट्रात वापरला जाणारा फणसोंबा ‘फेलिनस’ घराण्यातला आहे, हे अशा कामातून पुढे आले. या नावाखाली एकच जात येत नाही, हेही लक्षात आले. जुन्या बाईने झाड पाहिले, टणकपणा पाहिला, उगाळून रंग पाहिला. तेवढ्या कसोटीला उतरणाऱ्या सख्ख्या-चुलत जाती एकाच बटव्यात आल्या.

आणि आता ‘फेलिनस’ हे घरही एकत्र राहिलेले नाही. वाग्नर आणि फिशर यांनी २००२ मध्ये डीएनएच्या आधारे त्याची वाटणी करून दाखवली. पूर्वीच्या कितीतरी जाती ‘फुल्विफोमिस’, ‘फोमिटिपोरिया’, ‘फुस्कोपोरिया’ अशा वेगळ्या चुलींवर गेल्या. त्याहून मोठी गोष्ट अशी, की खोडाला फळीसारखे चिकटून राहण्याचा आकार हा एका वंशाचा वारसाच नाही. ‘गॅनोडर्मा’ एका गणातला, ‘फेलिनस’ दुसऱ्या गणातला. लाकडावर जगायचे आणि उंचावरून बीजाणू टाकायचे, या एकाच गरजेपोटी वेगवेगळ्या घराण्यांनी हा आकार पुन:पुन्हा घडवला आहे.

या वाटणीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी चीन, जपान, कोरिया इथल्या ‘सांगहुआंग’ची गोष्ट ऐकावी. तुतीच्या खोडावरची ही पिवळसर बुरशी तिथल्या वैद्यकात शतकानुशतके आहे. तिच्यावर झालेले पुष्कळ संशोधन ‘फेलिनस लिंटियस’ या नावाने छापले गेले. पण ते नाव मुळात मध्य अमेरिकेतल्या नमुन्यावरून दिलेले होते. तुतीवरची खरी जात वेगळी आहे, हे २०१२ मध्ये तैवानच्या संशोधकांनी सिद्ध केले आणि तिला तिचे स्वतःचे नाव मिळाले. त्यांना हे साधले, कारण ‘तुतीवरचीच हवी’ ही जुन्या वैद्यांची अट त्यांनी गंभीरपणे घेतली. आपल्या बायकांनीही ‘फणसावरचीच’ अशी अट घातली होती. ती अट तितक्याच काटेकोरपणे तपासली जायला हवी: फणसावर नेमक्या कोणत्या जाती येतात आणि त्यांतली कोणती तोंडाच्या चट्ट्यांवर खरोखर काम करते? तोवर माझे मत स्पष्ट आहे. बाळाचे तोंड आले तर आधी बालरोगतज्ज्ञ. आमच्या घरातला तुकडा आता औषध म्हणून वापरात नाही.

फणसोंबा शोधायला रत्नागिरीला जावे लागेल, पण त्याचे भाऊबंद पाहायला सोलापूर पुरे. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या सरींनंतर, कडुनिंबाच्या, चिंचेच्या, गुलमोहराच्या बुंध्याशी पाहा. लाखेचा हात दिल्यासारखी तांबडी-तपकिरी, पांढऱ्या कडेची ‘गॅनोडर्मा’ उगवलेली सापडू शकते. तिच्या अंगावर आणि आसपास कोकोसारखी बारीक भुकटी असते, ते बीजाणू. दिवसाला अब्जावधी सुटतात आणि हवेच्या झुळकीने वर चढून पुन्हा तिच्याच पाठीवर बसतात.

पेठेसारख्या दाटीच्या भागात अशी बुरशी दिसली तर ती आत काय चालले आहे हे सांगत असते. तारांसाठी वेड्यावाकड्या तोडलेल्या फांद्या, पाट्यांसाठी ठोकलेले खिळे, खोडापर्यंत आणून भिडवलेले सिमेंट, मुळांवर चाललेली खोदाई; या जखमांतून ती शिरते. पुष्कळ लोक कोयत्याने ती खरवडून टाकतात आणि झाड बरे झाले असे समजतात. त्याने आतले जाळे मुळीच हलत नाही, फक्त आपल्याला मिळालेली सूचना पुसली जाते. बुंध्याशी अशी बुरशी आली म्हणजे झाड लगेच पाडायचे, असेही नाही. गाभा पोकळ झालेली झाडे वर्षानुवर्षे उभी राहतात. पण ते झाड जाणकाराला दाखवावे आणि वळवाच्या वादळाआधी त्याचा तोल तपासून घ्यावा.

वाचकांना एक विनंती. तुमच्या आजीच्या, पणजीच्या डब्यात फणसोंबा असेल तर टाकू नका. तो कुठून आला, कोणत्या झाडावरचा, कशासाठी वापरत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा, तो कागद त्याच्याबरोबर ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. रस्त्यातल्या झाडावर अशी बुरशी दिसली तर फोटो वरून काढाच, पण खालच्या छिद्रांचाही काढा आणि झाडाचे नाव लिहायला विसरू नका. झाडाच्या नावाशिवाय आलेला नमुना ओळखणाऱ्याचे काम दुप्पट अवघड करतो.