मरणाच्या शब्दांची कुळकथा

वाचकहो, इंग्रजीच्या तासाला मुले घोकत असतात : डाय म्हणजे मरणे, स्टार्व्ह म्हणजे उपाशी मरणे, स्वेल्टर म्हणजे उकाड्याने हैराण होणे. परीक्षा संपली की सारे विसरून जातात. पण या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, मरणे, असे सांगितले तर? गुरुजनहो, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

हजार-बाराशे वर्षांमागे इंग्लंडातला माणूस मेला की लोक ‘डाय’ म्हणत नसत. त्यांचे शब्द होते ‘स्टेओर्व्हान’ आणि ‘स्वेल्टान’. राजा किंवा धर्मगुरू वारला, तर ‘तो पुढच्या प्रवासाला गेला’ अशा अर्थाचा शब्द बखरीत लिहीत. आपणही वडीलधाऱ्या माणसाला ‘मेले’ म्हणत नाही, ‘गेले’ म्हणतो. तसेच हे.

मग ‘डाय’ आला कोठून? तो आला समुद्रावरून. इ. स. ७९३ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेकडच्या दर्यावर्दी व्हायकिंगांनी लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. ८६५ मध्ये त्यांची मोठी फौज उतरली, आणि पुढे १०१६ मध्ये त्यांचाच कॅन्यूट इंग्लंडच्या गादीवर बसला. परंतु सगळेच काही लुटून परत गेले नाहीत. पुष्कळ जण उत्तरेत आणि पूर्वेत जमिनी कसून राहिले, तिथल्या मुलींशी लग्ने केली. दोन्ही भाषा जवळच्या, त्यामुळे शेताच्या बांधावर, बाजारात, चुलीपाशी शब्दांची देवाणघेवाण झाली. एग, नाइफ, स्काय, विंडो हे शब्द त्यांच्याकडचे. विंडो म्हणजे मुळात ‘वाऱ्याचा डोळा’! त्यांच्या भाषेत मरणे म्हणजे ‘देय्या’. तोच शब्द बाराव्या-तेराव्या शतकापासून इंग्रजी लिखाणात ‘डाय’च्या रूपाने दिसू लागतो. गंमत अशी की, ‘डेथ’ हे नाम मात्र इंग्रजांचे घरचेच आहे.

आता घरात नवी सून आली म्हणून सासूबाई घर सोडून जातात थोड्याच? त्या आपला कोपरा धरून बसतात. जुन्या शब्दांचेही तसेच झाले. ‘स्वेल्टान’पासून ‘स्वेल्टर’ झाला आणि तो उकाड्यापाशी थांबला. आपणही म्हणतोच की, उकाड्याने जीव चालला. ‘स्टेओर्व्हान’चा झाला ‘स्टार्व्ह’. तो थंडीने मरण्याला आणि भुकेने मरण्याला लागू लागला. उत्तर इंग्लंडच्या बोलीत थंडीने काकडलेल्या माणसाला ‘स्टार्व्ड’ म्हणत. सोळाव्या शतकापर्यंत भुकेचा अर्थ रुळला आणि पुढे तोच मुख्य झाला. जर्मन भाषेत मात्र याच शब्दाचा भाऊ ‘श्टेर्बेन’ अजून नुसते ‘मरणे’ एवढाच अर्थ सांगतो.

या शब्दात आणखी एक गोष्ट आहे. माणूस स्वतः ‘स्टार्व्ह’ होतो, तसाच एक माणूस दुसऱ्याला ‘स्टार्व्ह’ करूही शकतो. म्हणजे उपाशी मारू शकतो. १७७५ मध्ये न्यू इंग्लंडच्या अमेरिकन वसाहतींचा व्यापार आणि मासेमारी बंद करण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटात आला. त्याची बाजू घेणाऱ्या हेन्री डंडासच्या तोंडचा ‘स्टार्व्हेशन’ हा शब्द इतका गाजला की, तेच त्याचे टोपणनाव पडले. हाच डंडास पुढे लंडनमध्ये बसून कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील कारभारावर देखरेख करीत होता. आणि शंभर वर्षांनी, १८७६ ते ७८ च्या दुष्काळात, आपल्या दख्खनमधली माणसे अन्नावाचून गेली, तेव्हा सरकारच्या इंग्रजी कागदांत त्यांच्या मरणासाठी हाच शब्द लिहिला गेला.

म्हणून गुरुजनहो, हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहा. ऊन, थंडी, भूक यांनी माणूस कसा मरत आला, हे मुलांना त्यातूनच कळेल. मधल्या सुटीची घंटा होण्याआधी एखादा पोरगा हसत ‘आय ॲम स्टार्व्हिंग’ म्हणाला, तर त्याला रागावू नका. डबा खाऊ द्या. मग सांगा, बाळ, हा शब्द एके काळी खरोखर मेलेल्या माणसांचा होता.