नगरचिन्हावरचा देवमासा

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क प्रदेशात, लेकेइतिओ हे मासेमारांचे छोटे नगर आहे. त्याच्या नगरचिन्हात एक होडी दिसते आणि तिच्यापुढे देवमासा. सोबतच्या लॅटिन ब्रीदाचा आशय असा: राजांना नमवले, भयंकर देवमासे जिंकले, भूमीवर आणि समुद्रावर समर्थ लेकेइतिओ.

हे चित्र म्हणजे केवळ दर्पोक्ती नव्हे, तो नगराचा जमाखर्चही आहे. बिस्कायची स्वामिनी मारिआ दिआझ दे आरो हिने १३२५ मध्ये लेकेइतिओला सनद दिली. १३८१ च्या एका ठरावानुसार देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्यांचे, म्हणजे बलीनचे, तीन वाटे होत: दोन बंदराच्या दुरुस्तीला, एक चर्चच्या बांधकामाला. राजेही मागे नव्हते. तिसऱ्या फर्नांदोने १२३७ मध्ये साराउत्स या शेजारच्या गावाला सनद देताना प्रत्येक देवमाशाची डोक्यापासून शेपटीपर्यंतची एक पट्टी स्वतःसाठी राखली. बेर्मेओ आणि गेतारिआ यांच्या चिन्हांतही देवमासा आहे, तो याच कमाईमुळे.

ब्रीदातला ‘भयंकर’ हा शब्द मात्र तपासून घ्यायला हवा. हा प्राणी नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल. तो संथ पोहतो, सूक्ष्म जीव गाळून खातो, आणि चरबी इतकी की मेल्यावर तरंगतो. हिवाळ्यात माद्या पिल्लांसह किनाऱ्याजवळ येत. टेकडीवरचा पहारेकरी इशारा देई आणि होड्या सुटत. भाला अनेकदा आधी पिल्लाला मारला जाई, कारण आई त्याला सोडून जात नसे. लेकेइतिओच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतील हिशेबांत मारलेल्या पिल्लांच्या नोंदी आहेत. ज्या युक्तीवर हा पराक्रम उभा होता, तिला ढालीवर जागा मिळाली नाही, हे ओघानेच आले.

सोळाव्या शतकात बास्क खलाशी देवमाशांसाठी थेट कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यापर्यंत पोहोचले. तिथल्या रेड बे येथे १५६५ मध्ये बुडालेले त्यांचे एक जहाज १९७८ मध्ये सापडले. इकडे घरच्या समुद्रात शिकार विरळ होत गेली. १४ मे १९०१ रोजी ओरिओ गावाच्या खलाशांनी सुमारे १२ मीटर लांबीचा एक राइट व्हेल मारला. बास्क किनाऱ्यावरचा तो अखेरचा मानला जातो.

आज ही जात मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत उरली आहे, चारशेहूनही कमी संख्येने. लेकेइतिओच्या चिन्हावर होडी अजून तिचा पाठलाग करते आहे.