पूर्वज अक्ष, एक्सपाथमधील
पूर्वज अक्ष, एक्सपाथमधील : एक्सएमएल दस्तऐवजातील एखाद्या नोडापासून त्याच्या जनकाकडे, तेथून जनकाच्या जनकाकडे, असे मुळापर्यंत चढत जाऊन इष्ट नोड निवडण्याची मार्गपदावलीतील सोय. असा दस्तऐवज वृक्षाकार असून त्यातील मूळ वगळता प्रत्येक नोडास एकच जनक असतो. त्यामुळे खाली उतरणाऱ्या वाटा अनेक, वर जाणारी मात्र एकच.

या कल्पनेचे एक मूळ साहित्यसंशोधनात आहे. जुन्या ग्रंथांच्या संहिता संगणकावर आणणाऱ्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या उपक्रमाच्या १९९४ च्या मार्गदर्शिकेत, संहितेतील स्थळ दर्शविण्यासाठी ‘अपत्य’, ‘वंशज’ यांबरोबर ‘पूर्वज’ हाही संकेतशब्द होता. त्याच परंपरेतून एक्सपॉइंटरचे मसुदे निघाले. ते व एक्सएसएल रूपांतरणभाषा यांच्या गरजा सारख्याच असल्याने दोन्हींसाठी एक सामाईक भाषा सिद्ध करण्यात आली. जेम्स क्लार्क व स्टीव्ह डीरोझ यांनी संपादिलेली ही एक्सपाथची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तीत तेरा अक्ष होते. पूर्वज अक्षात प्रारंभीचा नोड धरला जात नाही. तो हवा असल्यास ‘पूर्वज अथवा स्वतः’ हा निराळा अक्ष वापरावा लागतो.

पूर्वज अक्ष उलट दिशेचा असल्याने त्यातील क्रमांक जवळून दूर मोजतात. पदावलीत अक्षापुढे चौकटी कंसात १ लिहिल्यास साक्षात जनक मिळतो. तीच पदावली आधी गोल कंसात घालून मग १ लिहिल्यास मात्र दस्तऐवजाचा क्रम लागू होऊन सर्वांत वरचा पूर्वज हाती येतो. नवशिक्यांची व पुष्कळदा जाणत्यांचीही येथेच फसगत होते.

वर चढण्याची ही मुभा स्वस्त नव्हती. गेओर्ग गॉटलोब, क्रिस्टोफ कॉख व राइनहार्ट पिचलर यांनी २००२ मध्ये व्हिएन्ना येथून दाखवून दिले की, तत्कालीन प्रचलित प्रणालींत जनकाकडे व पुन्हा अपत्याकडे अशा येरझारा घालणाऱ्या पदावलीस तिच्या लांबीच्या घातांकी प्रमाणात वेळ लागतो. हा दोष भाषेचा नसून प्रणालींचा होता, कारण बहुपदी वेळात उत्तर देणारी रीतही त्यांनीच मांडली. प्रवाहरूपाने वाचल्या जाणाऱ्या दस्तऐवजात अडचण वेगळी : मागे गेलेला मजकूर पुन्हा पाहता येत नाही. म्युनिकच्या संशोधकांनी त्याच वर्षी उलट अक्षांच्या पदावल्या केवळ पुढे जाणाऱ्या अक्षांत बदलण्याचे नियम दिले. २००७ च्या एक्सक्वेरी भाषेत पूर्वज अक्ष ऐच्छिक ठेवण्यात आला. जनक अक्ष मात्र अनिवार्य राहिला.