दारावर डकवलेले समन्स

इतिहास म्हटला की आपल्याला तह आणि लढाया आठवतात. मी आज एका कागदाच्या मागल्या बाजूविषयी बोलणार आहे. तो कागद म्हणजे दिवाणी कोर्टाचे समन्स, आणि मागली बाजू म्हणजे बजावणीला गेलेल्या बेलिफाचा शेरा.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने बेलिफावर विश्वास टाकला आणि त्याचा संशयही धरला. प्रतिवादी सही देण्याचे नाकारील, किंवा कसून शोध घेऊनही सापडणार नाही, तर समन्सची प्रत त्याच्या घराच्या दारावर डकवावी. परंतु ती कधी व कोणत्या परिस्थितीत डकवली, घर कोणी दाखवले, समक्ष कोण होते, हे नावपत्त्यासह लिहून मूळ समन्स परत करावे. हा शेरा प्रतिज्ञेवर नसेल, तर कोर्टाने बेलिफाला शपथेवर तपासलेच पाहिजे. एकदा जाऊन ‘घर बंद’ एवढे लिहून येणे म्हणजे शोध नव्हे.

हे आपल्या उपनगरांत लावून पाहा. १९५० साली अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. घरचा कर्ता सकाळच्या लोकलने जाणार, रात्री परतणार. बेलिफ फिरणार कचेरीच्या वेळात. दार उघडणार गृहिणी. पण संहितेचे मूळ शब्द होते कुटुंबातील प्रौढ ‘पुरुष’! घरभाड्याचा हिशोब जिच्या तोंडपाठ, ती कायद्याच्या लेखी घरात नव्हतीच. स्त्री असो वा पुरुष, हा स्पष्ट उल्लेख आला तो १९७६ च्या दुरुस्तीने. घरगडी मात्र आजही कुटुंबीय गणला जात नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला? समन्स न पोचलेल्या माणसावर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि त्याला पहिली वार्ता लागते ती जप्ती दाराशी आल्यावर. बजावणी रीतसर झाली नव्हती असे त्याने पटवले, तर हुकूमनामा रद्द होऊ शकतो. अर्जाची ३० दिवसांची मुदतही त्याला हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते. अशा वेळी वकील सारे सोडून तो शेराच वाचतात.

उलट, पाहुण्याच्या घरी लपणारे प्रतिवादीही काही कमी नाहीत, आणि वादीने तरी किती वर्षे थांबावे? २०१८ साली क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले. संदेश पोचल्याच्या आणि सोबतचा कागद उघडल्याच्या खुणा पडद्यावर दिसत होत्या. फोन त्या वेळी कोणाच्या हातात होता, हे मात्र त्या खुणा सांगत नाहीत.