लाईट गेली तरी काम चालू

मी मूळचा धाराशिवचा. लहानपणी आमच्याकडे लोडशेडिंग रोजचंच. लाईट गेली की गिरणी बंद, मोटार बंद. म्हणून उजेड गेल्यावरही काम न थांबवणारं एक रसायन मला फार आवडतं. नाव अवघड आहे, कॅटायनिक फोटोइनिशिएटर. गोष्ट मात्र सोपी.

उजेडाने पदार्थ घट्ट करायची युक्ती जुनीच. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी लोणावळ्यात राजा रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचं काम करायचे. त्या काळी या कामात बायक्रोमेट घातलेलं जिलेटिन वापरत. उजेड लागेल तो भाग घट्ट, बाकीचा धुऊन जायचा.

पुढे यूव्ही दिव्याखाली वाळणाऱ्या शाया आणि वॉर्निश आले. पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत दिवा बंद झाला की प्रक्रिया थंडावते, शिवाय हवेतला ऑक्सिजन आडवा येतो.

1970च्या दशकात अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिकमध्ये, जेम्स क्रिव्हेलो यांनी वेगळी वाट धरली: आयोडोनियम आणि सल्फोनियमचे क्षार. यूव्ही किरण पडले की क्षार फुटतो आणि तीव्र आम्ल तयार होतं. ते इपॉक्सीच्या रेणूतली कडी उघडतं, मग एकाला एक जोडत साखळी वाढते. दिवा विझला तरी आम्ल तिथेच असतं, काम चालू राहतं. ऑक्सिजनचा अडथळा नाही, आकसणंही कमी. म्हणून शाई, कोटिंग, चिकटवणारे गोंद, थ्रीडी प्रिंटिंग, सगळीकडे याला मागणी. एक दोष आहे: काही क्षार फुटताना बेंझीन सुटतं. त्यामुळे खाण्याच्या पाकिटांसाठी वेगळे प्रकार शोधावे लागले.

खरी कमाल पुढे झाली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये इतो, विल्सन आणि फ्रेशे यांनी हेच क्षार चिप बनवण्याच्या लेपात घातले. उजेड क्षणभर, नंतर वेफर तापवली की आम्लाचा एकेक कण कितीतरी रेणूंवर काम करतो. म्हणजे थोड्या उजेडात बारीक नक्षी.

बारावीला मी केमिस्ट्री घोकून मार्क काढले, परीक्षा संपल्यावर पुस्तकं रद्दीत घातली आणि बीटेकला कॉम्प्युटर घेतलं. वाटलं, सुटलो! आता कळतंय, माझा प्रत्येक कोड ज्या चिपवर चालतो, तिची नक्षी त्याच केमिस्ट्रीने काढलीय. तुम्ही हे ज्या मोबाईलवर ऐकताय, त्याचीसुद्धा.

ती पुस्तकं ठेवायला हवी होती, राव. भेटू पुढच्या भागात!